गश्ती निशाण ५३ ते जनसुरक्षा

परभणीहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर हट्टा हे गाव लागते. पायऱ्यांच्या प्राचीन बारवेसाठी ओळखले जाणारे हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते. १ मे १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामाच्या राज्यात. त्या राज्यात सार्वजनिक प्रश्नावर सभा घ्यायची तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. १९२९ साली निघालेल्या ज्या फर्मानाने हे बंधन घातले, ते ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने मराठवाड्याच्या स्मृतीत कायमचे राहिले. पुढे सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या बेतात असतानाच निजाम सरकारने ‘सार्वजनिक सुरक्षितते’चे नियम जारी केले आणि जन्माला येण्यापूर्वीच त्या संघटनेवर बंदी घातली. ती बंदी १९४६ पर्यंत टिकली. सुरक्षितता कोणाची, हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. याच काळात आर्य समाजाने आणि हिंदुमहासभेने भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार उभारला, ‘वंदे मातरम्’ म्हणणारे विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठातून काढले गेले आणि हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले. निजामाच्या दफ्तरात त्या सर्वांची नोंद एकच होती : सुरक्षिततेला धोका.

मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे हट्ट्यातही दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते. त्या दिवशी ज्यांचे स्मरण केले जाते, ते सर्व तत्कालीन कायद्याने गुन्हेगार होते, हे भाषणांच्या ओघात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात घेण्याची वेळ जुलै २०२५ मध्ये आली. ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक’ १० जुलै रोजी विधानसभेने आणि ११ जुलै रोजी विधान परिषदेने संमत केले. सत्याऐंशी वर्षांपूर्वीचा शब्द पुन्हा राजपत्राच्या भाषेत अवतरला. निजामाची सुलतानशाही आणि लोकांनी निवडून दिलेले सरकार यांना एका तागडीत तोलण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. परंतु राज्यकर्ता बदलला म्हणजे अधिकाराचा स्वभावही बदलतो, असे मानणे हा त्याहून मोठा वेडेपणा आहे.

धोका खोटा नाही

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. दहशतवाद हा सरकारने रचलेला बागुलबुवा नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ निरपराधांचे बळी गेले. ११ जुलै २००६ रोजी उपनगरी रेल्वेतील स्फोटांत पावणेदोनशेहून अधिक चाकरमानी घरी परतले नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र कोणताही महाराष्ट्रीय विसरू शकत नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, गडचिरोलीतील जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात पोलीस दलाचे १५ जवान हुतात्मा झाले. नागरिकाच्या जीविताचे रक्षण हे राज्यसंस्थेचे पहिले कर्तव्य आहे आणि ते करताना ती दुबळी असून चालत नाही.

नेमका येथेच खरा कसोटीचा क्षण येतो. भ्यालेला समाज संरक्षण मागतो आणि सरकार त्याला अधिकारांचा मसुदा देते. संरक्षण किती मिळाले, हे मोजायला पुढे कोणाला सवड नसते. अधिकार मात्र त्याच दिवशी मिळालेला असतो आणि भीती ओसरल्यावरही तो परत केला जात नाही.

नव्या विधेयकाकडे या दृष्टीने पाहावे. त्यानुसार सरकार अधिसूचना काढून एखादी संघटना बेकायदा ठरवू शकते. अशा संघटनेच्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत, सभासद नसूनही तिला साह्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि बेकायदा कृत्य करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. संघटनेची जागा ताब्यात घेता येते. आणि बेकायदा कृत्य म्हणजे काय? त्याच्या व्याख्येत हिंसा आणि शस्त्रे आहेतच. पण त्यांच्या शेजारी प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे, हेही बसवले आहे. गश्ती निशाण मोडून सभा घेणारा कार्यकर्ता दुसरे काय करीत होता?

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. शहरी भागात राहून माओवाद्यांना रसद पुरवणाऱ्या संघटनांना आवर घालण्यासाठी हा कायदा हवा, छत्तीसगड, तेलंगण, आंध्र प्रदेश, ओडिशा यांसारख्या राज्यांत असे कायदे आहेत, आणि संयुक्त समितीपुढे आलेल्या १२ हजारांहून अधिक सूचनांनंतर त्याचा रोख ‘कडव्या डाव्या’ संघटनांपुरता मर्यादित केला आहे, असे सांगितले गेले. सल्लागार मंडळाची तरतूदही दाखवली गेली. यातील पहिला मुद्दा गंभीर आहे. मात्र बेकायदा संघटनांवर बंदी घालणारा ‘यूएपीए’ हा केंद्रीय कायदा १९६७ पासून आहे आणि २००४, २००८, २०१२, २०१९ असा तो वेळोवेळी कठोर होत गेला. गडचिरोलीत माओवाद ओसरला तो पोलिसांच्या पराक्रमाने, रस्त्यांनी आणि आत्मसमर्पणाच्या धोरणाने. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. धोका ओसरत असल्याचे सरकार अभिमानाने सांगते आणि त्याच श्वासात त्या धोक्यासाठी नवा अधिकार मागते, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

राहिला ‘कडवे डावे’ या शब्दांचा प्रश्न. ज्यांच्या विचारांना राष्ट्रवादी समाजाने आयुष्यभर विरोध केला त्यांच्यावरच हा आसूड पडणार, मग आपल्याला काय त्याचे, असा सुस्कारा अनेकांनी सोडला असेल. परंतु ते एक विशेषण आहे. उद्याचे सरकार एका ओळीच्या दुरुस्तीने ते बदलू शकते. यंत्रणा तीच राहील, कलमे तीच राहतील, फक्त पाटी बदलेल.

शस्त्र कोणाच्या हाती जाईल?

ही कल्पनेतली भीती नाही. महाराष्ट्राचा इतिहास तिची साक्ष देतो. १८२७ साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यासाठी पंचविसावे रेग्युलेशन केले. विनाचौकशी स्थानबद्धतेचा अधिकार त्यात होता. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकार हादरले, आणि सत्तर वर्षांपूर्वीचे हे रेग्युलेशन पोतडीतून बाहेर निघाले. पुण्याचे सरदार नातू बंधू कोणत्याही खटल्याविना बंदिवासात गेले आणि १८९९ पर्यंत तेथेच राहिले. रेग्युलेशन लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही रँडचा वध नव्हता. पण कायदा आपल्या कर्त्याचे मनोगत जपत नाही. त्यातील शब्द जेवढे वाकतील, तेवढे वाकवणारा हात कधी ना कधी मिळतोच.

स्वराज्य आले तरी हा नियम बदलला नाही. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, पाकिस्तानशी युद्धाची चिन्हे दिसत होती. घुसखोर आणि हेर यांचा धाक दाखवून त्या वर्षी ‘मिसा’ आला. पाकिस्तानचे दोन तुकडे झाले, निर्वासित परतले, मिसा मात्र राहिला. चार वर्षांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, ‘अंतर्गत अशांतते’चे कारण देऊन आणीबाणी पुकारली गेली आणि हेरांसाठी घडवलेले जाळे देशभक्तांवर फेकले गेले. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी स्थानबद्ध झाले. ४ जुलै १९७५ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली, सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात गेले. शहा आयोगाच्या अहवालानुसार मिसाखाली देशभरात ३४,९८८ माणसे स्थानबद्ध होती. अटकेचे कारण सांगण्याचेही बंधन सरकारने स्वतःवरून काढून टाकले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की, आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना उभे राहिले आणि त्यांनी सरन्यायाधीशपद गमावले. तो निर्णय चुकीचा होता, हे म्हणायला न्यायसंस्थेला २०१७ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्र सरकार या मिसाबंद्यांना मानधन देते. २०१८ साली ही योजना सुरू झाली. मध्यंतरी महाविकास आघाडीच्या राज्यात ती थांबवली गेली आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ते मानधन दुप्पट केले. महिनाअखेरीच्या आत मिसाबंद्यांचा गौरव आणि महिना उलटताच जनसुरक्षा विधेयक, असा हा क्रम आहे. गौरव योग्यच आहे. पण मिसाबंदी ज्यासाठी कारागृहात गेला, ते तत्त्व मानधनाच्या धनादेशात मावत नाही.

आता जवळचे उदाहरण. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. मार्च २००२ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त अधिवेशनात ‘पोटा’ संमत झाला. तामिळनाडूतील मित्रपक्षाचे नेते वायको हे त्याच्या समर्थकांपैकी एक होते. जुलै २००२ मध्ये, म्हणजे चार महिन्यांच्या आत, एका भाषणाबद्दल तामिळनाडू सरकारने त्याच पोटाखाली वायको यांना अटक केली. सुमारे एकोणीस महिने ते कारागृहात होते. केंद्रात सरकार त्यांच्या आघाडीचे होते, कायदा त्यांनी स्वतः उचलून धरलेला होता आणि तरीही दार उघडत नव्हते.

‘मोक्का’ची कथा तर महाराष्ट्राच्या घरातलीच आहे. मुंबईतील संघटित गुन्हेगारी मोडून काढण्यासाठी १९९९ साली शिवसेना-भाजप युती सरकारने हा कायदा केला. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य, आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडी, जामीन जवळजवळ अशक्य. टोळ्यांच्या धुमाकुळाने गांजलेल्या मुंबईने टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षे गेली. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. दहशतवादविरोधी पथकाने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक केली आणि नोव्हेंबरमध्ये मोक्का लावला. त्यासाठी आधार शोधला तो परभणी आणि जालना येथील जुन्या प्रकरणांतील एका आरोपीवरच्या आरोपपत्रांचा. टोळीयुद्धासाठी रचलेली चौकट परभणीच्या कागदांवरून ओढून मालेगावपर्यंत ताणली गेली. विशेष न्यायालयाने जुलै २००९ मध्ये मोक्का हटवला, उच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये तो पुन्हा लावला, एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या लागू होण्याविषयी शंका व्यक्त केली आणि मे २०१६ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेनेच तो मागे घेतला. दरम्यान ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द दिल्लीच्या सत्ताधाऱ्यांनी राजकारणाच्या बाजारात मांडून झाला होता. साध्वी एप्रिल २०१७ मध्ये आणि पुरोहित ऑगस्ट २०१७ मध्ये जामिनावर बाहेर आले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. निकालाला मृतांच्या नातेवाइकांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. पण तुरुंगात गेलेली साडेआठ-नऊ वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. काँग्रेस सरकारच्या हाती हे शस्त्र कोठून आले, हा प्रश्न त्या काळात फारसा विचारला गेला नाही. ते युतीच्याच भात्यातले होते.

निरपराध आत, अपराधी बाहेर

न्यायाचे माप आपल्यासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरे असू शकत नाही. त्याच मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजीही स्फोट झाले होते. त्या प्रकरणी नऊ मुस्लिम तरुणांना पकडून मोक्का लावला गेला. ते पाच वर्षे कारागृहात होते. एकाचे मधल्या काळात निधन झाले आणि उरलेल्या आठ जणांना एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. रेल्वे स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी, जनसुरक्षा विधेयक संमत होऊन दहा दिवस झाले असताना, मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. मोक्काखालचे कबुलीजबाब विश्वासाला पात्र ठरले नाहीत. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने २४ जुलै रोजी सांगितले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा कारागृहात पाठवले नाही.

या निकालांमुळे ज्याचे रक्त उसळत नाही, त्याला दहशतवादाविषयी खरी चीड नाही. कारण त्यांचा अर्थ सरळ आहे. आज न्यायालयाच्या निर्णयानुसार रेल्वे स्फोटांचा एकही दोषी कारागृहात नाही आणि मालेगावच्या सहा बळींचा मारेकरी कोण, हे कोणालाही ठाऊक नाही. कठोर कायद्याने पोलिसांना कबुलीजबाबाची सोपी वाट दिली आणि पुराव्याची अवघड वाट ओस पडली. कबुलीजबाब लिहून घेता येतो, तेव्हा घटनास्थळाचा पंचनामा नेटका करण्याची, प्रयोगशाळेत नमुने शास्त्रशुद्ध पोहोचवण्याची, साक्षीदाराला जपण्याची निकड उरत नाही. जामीन मिळणारच नसतो, तेव्हा खटला लवकर चालवण्याचीही निकड उरत नाही. वर्षे लोटतात, साक्षीदार फिरतात, कागद गहाळ होतात. शेवटी निरपराध म्हातारा होऊन बाहेर येतो आणि अपराधी मुळात आत गेलेलाच नसतो. एवढे स्वातंत्र्य देऊन समाजाने सुरक्षितता विकत घेतली असती, तरी सौदा महाग म्हणता आला असता. येथे तर किंमत मोजली गेली आणि माल मिळालाच नाही.

ब्रिटनसारख्या देशाने हा हिशेब उघडपणे केला. जुलै २००५ मध्ये लंडनमध्ये भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी संशयितांना आरोपाविना ९० दिवस डांबण्याचा अधिकार मागितला. स्फोटांना चार महिने झाले असताना त्यांच्याच पक्षाच्या काही खासदारांनी विरोधात मत दिले आणि तो प्रस्ताव पडला. मुदत २८ दिवसांवर आली आणि पुढे १४ दिवसांवर उतरली. भारतात यूएपीए आणि मोक्का यांखाली आरोपपत्राविना १८० दिवस काढावे लागू शकतात. लंडनचा पोलीस दहशतवादाशी नरमाईने वागतो, असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेने मात्र ११ सप्टेंबर २००१ नंतर पंचेचाळीस दिवसांत ‘पेट्रियट’ कायदा केला आणि त्याच्या एका कलमाच्या आधारे सरकार आपल्याच कोट्यवधी नागरिकांच्या दूरध्वनींची नोंद ठेवत होते, हे २०१३ साली उघडकीस आले. देशभक्तीचे नाव त्या कायद्यालाही दिलेले होते.

काय मागायचे?

सरकारने हात बांधून बसावे, अशी मागणी कोणी करीत नाही. मागणी एवढीच की अधिकाराला मुदत असावी. ‘टाडा’ला दोन वर्षांची मुदत होती, म्हणूनच तो दर वेळी संसदेपुढे यावा लागला आणि १९९५ साली त्याला कोणी हात दिला नाही, तेव्हा तो आपोआप मेला. जनसुरक्षेच्या कायद्यालाही अशी मुदत हवी. किती संघटनांवर बंदी घातली, किती जणांना पकडले, किती दोषी ठरले आणि किती सुटले, याचा हिशेब दर वर्षी विधिमंडळापुढे मांडला जावा. बेकायदा कृत्याची व्याख्या हिंसा, शस्त्र आणि त्यांची थेट तयारी यांपुरती असावी. अवज्ञा हा शब्द तिच्यातून गेला पाहिजे, कारण अवज्ञा ही या प्रदेशाच्या मुक्तीची जननी आहे. ठरावीक काळात खटला संपला नाही तर जामीन हा हक्क व्हावा. प्रदीर्घ कारावास हे जामिनाचे कारण ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने यूएपीएच्या बाबतीतही २०२१ साली मान्य केले आहे. आणि निर्दोष सुटलेल्याला भरपाई मिळावी, ज्याने खोटा पुरावा उभा केला त्याच्याकडून जाब घेतला जावा, मग आरोपी साध्वी असो वा मालेगावचा सामान्य कारागीर.

कोणताही कायदा करताना आमदाराने एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा अधिकार आपल्या कट्टर विरोधकाच्या हाती गेला तर आपण निर्धास्त झोपू का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो अधिकार आपल्याही हाती नसावा. १९७१ साली, १९९९ साली आणि २००२ साली हा प्रश्न कोणी विचारला असता, तर पुढची अनेक पाने कोरी राहिली असती.

हट्ट्याच्या पोलीस ठाण्यात अधिसूचनेचा कागद येईल, तेव्हा तो कोणत्या पक्षाच्या सरकारने काढला हे तेथील हवालदार पाहणार नाही. तो फक्त त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहील आणि शिपायांना त्या घरी पाठवील. ते घर आज दुसऱ्याचे असेल. त्या गावातल्या वडीलधाऱ्यांना निजामाच्या राज्यात अशीच पावले दाराशी थांबल्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकायला मिळाल्या आहेत. १७ सप्टेंबरच्या झेंड्याखाली उभे राहताना त्या गोष्टींचा विसर पडला, तर झेंडा फडकेल, पण त्याचा अर्थ हरवलेला असेल.